सैल दोरीचा धडा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले रंगीत लाकडी बैल घेऊन पोरंटोरं नटूनथटून निघतात, घरोघरी बोजारा गोळा करतात. लाकडी बैलाचं एक बरं असतं. दोरी ओढली की तो मुकाट मागे येतो. पण कोठ्यातल्या खऱ्या वासराला दोरी लावून ओढून पाहा! चारही पाय जमिनीत रोवून, मान ताणून, डोळे मोठे करून ते असं उभं राहील, की मोठ्या माणसाच्याही नाकी नऊ येतील. आणि ते वासरू अवघं तीन महिन्यांचं असेल.

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते या दोरीबद्दल. म्हणजे गाई-म्हशीच्या वासराला दोरीने चालायला शिकवण्याबद्दल. "हे काय शिकवायचं असतं? ते आपोआप येतं," असं कुणी म्हणेल. शेजारच्या काकूंनीही मला हेच म्हटलं होतं. पण ते आपोआप येत नाही. पूर्वी येत होतं असं वाटायचं, त्याला कारण होतं.

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची शेती. घरोघरी बैलजोडी असायची, चिखलणी बैलांवर व्हायची. सकाळी गायकी यायचा, गावाबाहेरच्या आखरावर ढोरं गोळा व्हायची आणि सगळा कळप चरायला निघायचा. वासरं आईच्या मागे मागे चालत, कळपात वाढत. माणसाच्या हाकेची, काठीच्या खुणेची, वाटेवरच्या गलबल्याची त्यांना लहानपणापासून सवय होई. शिवाय घरात एक तरी म्हातारा असा असे, की गोऱ्हा हाताळायचं कसब त्याच्या हातात असायचं. आता चिखलणी ट्रॅक्टरने होते. कित्येक गावांत गायकी मिळत नाही. जंगलालगतच्या गावांत वाघ-बिबट्याच्या भीतीने ढोरं रानात सोडायची हिंमत होत नाही. म्हणून गाय दारात बांधलेली आणि वासरूही जन्मल्यापासून खुंट्याला. तिथेच तणस, तिथेच पाणी, तिथेच झोप. असं वासरू दोन वर्षांची कालवड होतं तेव्हा तिचं वजन दोन-अडीचशे किलो असतं आणि तिला कोठा सोडून दुसरं जग माहीत नसतं. तिला एके दिवशी अचानक रस्त्यावर न्यायचं म्हटलं तर ती बिथरेल नाहीतर काय करेल?

आणि बिथरलेली गाय धरायची कुणी? "घरधनी येऊ दे, मग बघू," असं आपण म्हणतो. गाईचं शेण आपण काढतो, चारा-पाणी आपण करतो, धार आपण काढतो, वासराला आपण पाजतो. फक्त दोरी हातात घेऊन तिला दाराबाहेर नेण्याची वेळ आली, की आपण माणसाची वाट पाहतो.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. नवरा कामाला नागपूरला, पंधरा दिवसांनी येणारा. वहिनींनी बचत गटातून कर्ज काढून संकरित गाय घेतली. गाय दुधाला चांगली, स्वभावानेही गरीब, पण खुंट्यापासून सोडली की हलायची नाही. एके सकाळी गाय माजावर आली. डॉक्टरांचे त्या दिवशी चार गावांत फेरे होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "संध्याकाळी दवाखान्यापर्यंत गाय घेऊन या." दवाखाना घरापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. वहिनी, त्यांची सातवीतली मुलगी आणि मी, तिघी मिळून निघालो. गाय फाटकापर्यंत आली आणि थांबली. समोरून एक मोटारसायकल गेली, तशी ती मागे फिरली आणि सरळ कोठ्याकडे पळाली. वहिनींनी दोर हातात घट्ट धरलेला. नायलॉनचा दोर तळहातातून सरसर गेला आणि कातडी सोलून गेला. आठ दिवस त्यांना भाकरी थापता आली नाही.

गाईचा माज साधारण बारा ते अठरा तास टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करायचं, असा साधा नियम आहे. ती वेळ गेली की पुढचा माज एकवीस दिवसांनी. म्हणजे एकवीस दिवस गाय पुढे ढकलली, एकवीस दिवस दूध पुढे ढकललं आणि कर्जाचा हप्ता मात्र जिथल्या तिथे. अर्धा किलोमीटर न चालण्याची ही किंमत.

ते पाहून मला माझी आत्या आठवली. वैनगंगेच्या काठच्या गावात तिचं घर होतं. तिच्या कोठ्यातलं एकही ढोर ओढावं लागायचं नाही. आठ वर्षांचं पोरही तिच्या म्हशीला तळ्यावर नेऊन आणायचं. मी लहान असताना वासराची दोरी दोन्ही हातांनी ओढत होते, तेव्हा ती म्हणाली होती, "ओढल्यानं येत नाही वो पोरी. सोडल्यानं येते."

त्या वेळी ते कोड्यासारखं वाटलं. पुढे कळलं, की सगळी विद्या त्या दोन वाक्यांत आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. गळ्यात बांधतो ते दावं. नाकातून ओवतात ती वेसण. हाकायचा लांब दोर म्हणजे कासरा. आणि नाकाला छिद्र न पाडता तोंडाभोवती बांधतात ती म्होरकी, कुणी मोरखी म्हणतं. म्होरकीची एक पट्टी कानांमागून जाते, एक नाकावरून आणि दोर हनुवटीखालून निघतो. वासराला शिकवायला हीच सगळ्यात चांगली. गळ्यातलं दावं ओढलं तर सगळा जोर मानेवर आणि श्वासनळीवर येतो. वासरू घाबरतं, आणखी ताकद लावतं. मानेच्या जोरात ते आपल्याला कधीच हार जाणार नाही. म्होरकीने मात्र डोकं वळवता येतं, आणि डोकं जिकडे वळेल तिकडे पाय वळतात.

म्होरकी सुती किंवा अंबाडीच्या मऊ दोराची घ्यावी. नाकावरची पट्टी डोळा आणि नाकपुडी यांच्या साधारण मध्ये बसली पाहिजे. खाली सरकली तर ती नाकाच्या मऊ भागावर येते आणि श्वास कोंडतो. वर सरकली तर डोळ्यात घुसते. पट्टीखाली आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आणि वासरू वाढतं हे विसरू नये! दर आठ-दहा दिवसांनी म्होरकी सैल करायची. महिनोन्महिने तीच घट्ट म्होरकी राहिली तर दोर कातडीत रुततो, जखम होते, अळ्या पडतात.

शिकवायला सुरुवात करायची ती दोन-तीन महिन्यांच्या वयात. जन्मतः वासराचं वजन साधारण वीस ते तीस किलो. तीन महिन्यांचं वासरू बाईला आवरतं, वर्षाचं आवरत नाही. लहानपणी त्याच्या मनात बसलं, की "दोरीपुढे माझं बळ चालत नाही आणि दोरी मला दुखवतही नाही," तर मोठेपणी ते आपलं बळ आजमावायला जात नाही.

वहिनींच्या गाईला पुढे कालवड झाली. तिला आम्ही आत्याच्या पद्धतीने शिकवलं. कसं, ते सांगते.

पहिला आठवडा नुसता हाताळणीचा. रोज धारेच्या वेळी मानेवर, कानामागे, गळ्याखाली खाजवायचं. पायांवरून हात फिरवायचा. मग म्होरकी घालून दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायची आणि काढायची. दोर धरायचा नाही. ती डोकं झटकते, खुंट्याला घासते. घासू द्यावं.

दुसऱ्या आठवड्यात बांधायची सवय. मजबूत खांबाला, वासराच्या डोळ्यांच्या उंचीवर, हात-दीड हात दोर ठेवून बांधायचं. दोर लांब असेल तर पाय अडकतो. खाली बांधला तर ओढताना मान मुरगळते. सुरुवातीला अर्धा तास पुरे आणि तेवढा वेळ आपण तिथेच बसायचं. निवडायला तांदूळ घ्या हवं तर, पण उठून जायचं नाही. वासरू ओढेल, मागे बसेल, उड्या मारेल. त्याने ओढलं की दोर आपोआप ताणला जातो, ते पुढे आलं की आपोआप सैल होतो. खांब रागावत नाही, दमत नाही. हा पहिला धडा खांबच देतो.

यात गाठ महत्त्वाची. वासरू पडलं, अडकलं तर एका झटक्यात सुटणारी गाठ पाहिजे. ती आपल्याला येतेच. परकराची नाडी बांधताना आपण दोन फुलं काढतो, त्यातलं एकच फूल काढायचं. मोकळं टोक ओढलं की गाठ सुटली. गळ्यात मात्र सरकणारी गाठ कधीच टाकू नये. ती आवळत जाते आणि जनावर फास लागून मरतं.

तिसऱ्या आठवड्यात चालणं. आपण वासराच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळ उभं राहायचं. पुढे उभं राहून त्याच्या डोळ्यांत बघत ओढलं तर ते मागेच जाणार. दोर हलकेच ताणायचा आणि थांबायचं. झटका नाही, ओरडा नाही. मिनिटभर काही होणार नाही. मग ते एक पाय पुढे टाकेल. अगदी त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. आत्या म्हणायची ते हेच. ताण म्हणजे प्रश्न आणि सैल दोर म्हणजे "शाब्बास". आपण मात्र काय करतो? वासरू एक पाऊल आलं की आनंदाने आणखी जोरात ओढतो. मग त्याला वाटतं, पुढे आलं तरी ओढतात आणि नाही आलं तरी ओढतात, तर कशाला यायचं?

अडून बसलं तर सरळ पुढे न ओढता डोकं थोडं एका बाजूला वळवावं. तोल सावरायला त्याला पाय टाकावाच लागतो. टाकला की दोर सैल. पहिल्या दिवशी पाच पावलं झाली तरी काम झालं. शेपटी पिरगाळणं, काठी मारणं यातलं काही नको. मारलेलं वासरू चालतं खरं, पण ते दोरीला भ्यायला शिकतं, आणि भ्यालेली गाय कधी कुठे पळेल याचा नेम नसतो.

जाताना कोठ्यापासून दूर आणि येताना आईकडे, पाण्याकडे असं चालवायचं. रोज पंधरा मिनिटं, एकाच वेळी, एकच शब्द. घरात एकाने "चल", दुसऱ्याने "हो" आणि तिसऱ्याने "हऱ्या" म्हटलं तर त्या मुक्या जिवाने काय समजायचं? आमच्या कालवडीला फाटकापर्यंत यायला नऊ दिवस लागले. फाटकाशी ती रोज थबकायची. तिथे तारेवर वाळत घातलेली वहिनींची साडी वाऱ्याने हलायची. साडी काढली, ती सरळ बाहेर गेली.

याचंही शास्त्र आहे बरं का. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या प्राध्यापिका आहेत, १९४७ सालच्या जन्माच्या. त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी जनावरांच्या डोळ्यांनी जग पाहिलं आणि गुरं हाताळण्याची पद्धतच बदलून टाकली. गुरं ज्या वाटेने जायची त्या वाटेने त्या स्वतः चालत गेल्या. जमिनीवरची सावली, लोंबणारी साखळी, कुंपणावरचं हलणारं फडकं, असल्या बारीकसारीक गोष्टींनी गुरं थांबतात हे त्यांनी दाखवून दिलं. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून तिला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त अगदी पाठीमागचं दिसत नाही. म्हणून मागून अचानक जाऊ नये. गाय थांबली तर आधी ती काय बघतेय ते बघावं. आपण तिला हट्टी म्हणून मोकळे होतो.

आता हाताची काळजी. दोर मनगटाला किंवा तळहाताला कधीही गुंडाळू नका, कमरेला तर मुळीच बांधू नका. जनावर पळालं तर बोटं जातात, माणूस फरफटत जातो. उरलेला दोर नागमोडी घडी करून मुठीत धरायचा, म्हणजे सोडायची वेळ आली तर मूठ उघडली की सुटला. मुलांच्या हाती दोर देताना हे आधी शिकवा.

म्हशीचं पारडू जरा संथ. त्याला उन्हाचा त्रास लवकर होतो, म्हणून सकाळीच शिकवावं. ते हाकेला चांगलं ओळखतं. शेळीच्या पिल्लाला म्होरकीची गरज नसते, गळ्यात रुंद पट्टा पुरतो. पिल्लू मूठभर पाल्याच्या मागे येतं आणि चार दिवसांत शिकतं. गोऱ्ह्याची गोष्ट वेगळी. त्याचं बळ पाहता तो पुढे जाणत्या माणसाच्या हाती द्यावाच लागतो, पण लहानपणी म्होरकी शिकलेला गोऱ्हा जाणत्यालाही सोपा जातो.

गोऱ्ह्यांवरून शंकरपट आठवला. आपल्या भागात पटाचं वेड मोठं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या होत्या, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने ती कायम केली. पटाच्या बैलांची निगा, त्यांचं शिकवणं यावर पुरुषमंडळी तासन्‌तास बोलतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर बायकाही जोड्या हाकतात. धावती जोडी बाईला आवरते, तर दारातली कालवड का आवरणार नाही?

राहिली वेसण. नाकाचा पडदा फार नाजूक. तिथे छिद्र पाडून दोर ओवला की जनावर वेदनेपायी आपल्या मागे येतं. बैलाला वेसण घालायची रीत जुनी आहे. पण दारात बांधलेल्या दुधाच्या गाईला ती कशासाठी? १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने वेसण घालायला सूट दिलेली आहे, मात्र ती ठरवून दिलेल्या पद्धतीनेच. २०२३ साली केंद्र सरकारने त्याचे नियम केले. नोंदणीकृत पशुवैद्यकाने, भूल देऊनच असली कामं करावीत असं त्यांत आहे, आणि नाक टोचण्याऐवजी म्होरकीसारखे साधे उपाय वापरण्यावर भर आहे. दाभण तापवून घरीच नाक टोचायचे दिवस गेले. आणि लहानपणी म्होरकी शिकलेल्या गाईचं नाक टोचायची वेळच येत नाही.

दावणीला बांधली, वेसण घातली, गरीब गाय, हे शब्द आपल्या भाषेत गाईपेक्षा बायकांसाठीच जास्त वापरले जातात. सून आली की तिला वेसण घालायची भाषा घरातली मोठी माणसं, कधी कधी बायकाच करतात. ओढून आणलेलं आणि आपण होऊन आलेलं यांतला फरक आपल्याइतका कुणाला कळणार? म्हणून मला वाटतं, वासराला शिकवायचं काम आपल्या हातांना चांगलं जमतं. वाट पाहायची आपल्याला सवय आहे.

वहिनींची कालवड आता दीड वर्षाची आहे. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला डॉक्टर गावात आले, तेव्हा वहिनींनी तिला एकटीने चौकात नेलं. कानातला बारा आकडी बिल्ला तपासला, लस टोचली, दोघी परत आल्या. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा ज्यांची ढोरं दोरीवर होती त्यांना आजारी जनावर वेगळं बांधणं, औषध लावणं सोपं गेलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जनावराला डॉक्टरपर्यंत नेणं शक्यच नसेल तेव्हा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करता येतो, तोही लिहून ठेवा. गावात पशुसखी असेल तर तिलाही विचारा.

वहिनींचा नवरा मागच्या महिन्यात म्हणाला, "कालवडीला चांगलं गिऱ्हाईक आहे, विकायची का?" वहिनी म्हणाल्या, "विकू. पण भाव मी सांगन. तिले चालता येते, त्याचे पैसे वेगळे." आम्ही सगळे हसलो, पण त्यांचं खरं आहे. बाजारात दोरीवर शांत चालणारी गाय आणि चौघांनी धरून आणलेली गाय यांचा भाव एक नसतो. आणि उद्या ती ज्या घरी जाईल, तिथेही सकाळी शेण काढणारी, धार काढणारी कुणीतरी बाईच असेल. तिच्या तळहाताची कातडी शाबूत राहील.